हातापायाला आणि काखेत अति घाम: उपचार कुठल्या क्रमाने आणि नेमके कसे करायचे

अति घामावर विचारले जाणारे प्रश्न बहुतेक एकाच छापाचे असतात. लोशन लावलं, फरक पडला नाही, उलट आग झाली, आता ऑपरेशन करू का? मधल्या पायऱ्या कुणी चढलेलंच नसतं, आणि पहिली पायरी म्हणजे ते लोशन, ते सुद्धा सकाळी आंघोळ करून ओल्या काखेत डिओसारखं फासलेलं असतं. अशाने ते काम करणारच नाही. म्हणून इथे फक्त कसं करायचं, कधी करायचं आणि कुठे चुकतं एवढंच लिहितोय. औषधांचे डोस अंदाज यावा म्हणून दिलेत, तुमचा डोस तुमचा डॉक्टर ठरवणार, हे आधीच सांगून ठेवतो.

टप्पा १: हा घाम नक्की कुठल्या जातीचा आहे ते बघा

मे महिन्यात मुंबईत घाम येतो तो आजार नाही. एसीत बसून पेपर लिहिताना उत्तरपत्रिकेखाली रुमाल ठेवावा लागतो, रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही कारण तो ओला आहे, गाडीची ग्रिप हातातून सटकते, चप्पल पायातून घसरते, हा मात्र वेगळा प्रकार. याला डॉक्टर प्रायमरी हायपरहायड्रोसिस म्हणतात. ग्रंथी ठणठणीत असतात, त्यांना घाम सोडायचा सिग्नल देणाऱ्या नसा जरा जास्तच उत्साही असतात.

सहा महिन्यांहून जास्त काळ, दुसरं काही कारण नसताना, ठरावीक जागी घाम येत असेल तर खालच्यातल्या निदान दोन गोष्टी जुळतात का बघा:

- दोन्ही बाजूंना सारखाच येतो (दोन्ही तळहात, दोन्ही काखा)
- आठवड्यातून एकदा तरी त्रास होतोच
- वयाच्या पंचविशीच्या आत सुरू झाला
- घरात अजून कुणाला आहे (आईला, काकाला, आजोबांना, नीट विचारा, लोक लाजेने सांगत नाहीत)
- झोपेत थांबतो
- रोजच्या कामात अडथळा येतो

झोपेत थांबतो हा मुद्दा फार महत्त्वाचा. घरच्या कुणाला तरी रात्री दोन वाजता हात लावून बघायला सांगा, कोरडा लागला तर बरीचशी खात्री पटते. आणि पुढच्या लोशनचा सगळा खेळ याच एका गोष्टीवर चालतो, ते खाली येईलच.

थांबा, आधी हे तपासा: रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, सोबत बारीक ताप, वजन उतरणं, जुना खोकला असं काही असेल तर लोशनच्या नादाला लागू नका, आधी टीबीची तपासणी. एकाच बाजूला घाम येत असेल, चाळिशीनंतर अचानक सुरू झाला असेल, अंगभर येत असेल, छातीत धडधड आणि हात थरथरणं असेल, तर डॉक्टर थायरॉइड, शुगर, रक्ताच्या बाकी तपासण्या सांगतील, त्या करायच्या. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक गार घाम सुटला तर ती शुगर कमी झाल्याची खूण असू शकते. आणि छातीत दुखून, दम लागून गार घाम फुटला तर १०८ ला फोन, हा लेख नंतर वाचा.

औषधांमुळेही घाम येतो. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची औषधं यात येतात. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करायची नाही.

टप्पा २: डॉक्टरकडे जायच्या आधी दोन आठवड्यांची तयारी

ही पायरी जवळपास सगळेच गाळतात, आणि मग ओपीडीत दोन मिनिटांत "हो, घाम येतो खूप" एवढंच बोलून बाहेर येतात. डॉक्टरच्या टेबलावर नेमका त्या वेळी हात कोरडा असतो हे वेगळंच. त्यामुळे मोबाइलमध्ये साधी नोंद ठेवा: कधी आला, कुठे आला, तेव्हा काय करत होता, चहा-कॉफी किंवा तिखट खाल्लं होतं का. सोबत एखादा फोटो, हात ओला असतानाचा.

मग स्वतःला एक आकडा द्या. डॉक्टर लोक वापरतात ती चार पायऱ्यांची पट्टी अशी आहे: १ म्हणजे घाम जाणवतच नाही आणि काही अडत नाही, २ म्हणजे सहन होतो पण कधीमधी अडतं, ३ म्हणजे जेमतेम सहन होतो आणि वारंवार अडतं, ४ म्हणजे सहनच होत नाही आणि कायम अडतं. ३ आणि ४ म्हणजे तीव्र. हा आकडा तारखेसकट लिहून ठेवा, कारण महिन्याभराने "फरक पडला का" या प्रश्नाला अंदाजपंचे उत्तर द्यायची वेळ येते, आणि माणूस आधीचा त्रास फार पटकन विसरतो.

काखेसाठी अजून एक गोष्ट घरी करता येते. काख धुऊन पूर्ण कोरडी करायची, कापसाने बीटाडीनचं सोल्युशन पातळ लावायचं, वाळू द्यायचं, वरून स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर चाळणीने भुरभुरायचं आणि पाच-दहा मिनिटं हात वर करून बसायचं. जिथे घाम येतो तिथे आधी टाचणीच्या टोकाएवढे काळेनिळे ठिपके उमटतात, मग ते एकमेकांत मिसळून डाग होतो. बहुतेकांना बघून आश्चर्य वाटतं, कारण डाग केसांच्या भागाच्या बाहेरही पसरलेला असतो किंवा मध्येच एका पट्ट्यात असतो, आणि लोशन आपण भलतीकडेच लावत असतो. फोटो काढून ठेवा, लोशन तेवढ्याच भागात लावायचं. आयोडीनची ॲलर्जी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर हे करू नका, आणि जुना टॉवेल घ्या, डाग जात नाहीत.

स्किनच्या डॉक्टरकडेच जा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात साधा केस पेपर काढूनही हे काम होतं, त्यासाठी भारीतलं क्लिनिकच लागतं असं काही नाही.

टप्पा ३: रात्रीचं लोशन (काख, हात, पाय सगळ्यांसाठी पहिला उपाय)

आधी एक गोंधळ मिटवू. डिओ फक्त वास झाकतो, घाम थांबवत नाही. घाम थांबवतं ते अँटीपर्स्पिरंट, त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. दुकानातल्या साध्या रोल-ऑनमध्ये ते सौम्य असतात, औषधाच्या लोशनमध्ये ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट असतं, काखेसाठी साधारण १० ते २० टक्के, तळहात-तळपायाला कातडी जाड म्हणून कधी ३० टक्क्यांपर्यंत. बाटलीच्या मागे हे नाव आणि टक्केवारी वाचूनच घ्या. तुरटी फिरवून हे काम होत नाही, तीही ॲल्युमिनियमचीच असली तरी फार कमजोर पडते.

हे काम कसं करतं ते समजलं की सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. क्षार घामाच्या नळीच्या तोंडात उतरतो आणि तिथे बूच बसतं. नळीतून घाम वाहत असेल तर क्षार आत उतरायच्या आधीच धुऊन निघतो. म्हणून लावायचं रात्री, कारण झोपेत घाम बंद असतो. दुसरं म्हणजे या क्षाराला पाणी लागलं की हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं, तीच ती आग. म्हणजे कातडी ओली असली की दुहेरी तोटा, औषध वाहून जातं आणि वर भाजतं.

आता क्रम:

१. झोपायच्या अर्धा तास आधी साबणाने धुवा. लगेच लावायचं नाही.

२. टॉवेलने टिपा, घासू नका. मग पंख्याखाली बसा किंवा हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून दोन मिनिटं फिरवा. गरम हवा नको, त्याने परत घाम सुटतो.

३. तपासणी: टिश्यू पेपरचा तुकडा काखेत किंवा मुठीत दाबून अर्धा मिनिट धरा. चिकटला, ओलसर लागला, कडा वळल्या, तर अजून थांबा. ज्यांचे हात जागेपणी सुकतच नाहीत त्यांनी बाटली उशाशी ठेवावी आणि डोळे मिटायला लागल्यावर लावावं. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तळहातवाल्यांना हाच उपाय.

४. पातळ थर, एकदाच. ओघळ येईल इतकं लावलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, आग तेवढी जास्त येते.

५. पूर्ण वाळू द्या, मगच कपडा घाला. जुना पांढरा बनियन किंवा जुना टी-शर्ट, कारण हे कापड खातं, दागिन्याची चमकही घालवतं.

६. सहा ते आठ तासांनी, उठल्या उठल्या, घाम सुरू व्हायच्या आत धुऊन टाका. त्यानंतर दिवसा साधा डिओ लावायला हरकत नाही.

७. पहिले काही दिवस रोज रात्री. कातडी नाजूक असेल तर एक दिवसाआड. कोरडं वाटायला लागलं की आठवड्यातून दोनदा, मग एकदा. हे कमी करायचं असतं हेच अनेकांना माहीत नसतं, महिनोन्महिने रोज फासून काख काळी आणि सोललेली करून घेतात.

काखेला एक-दोन आठवड्यांत समजतं. हातापायाला तीन-चार आठवडे द्या. चार दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बाटली फेकणारेच जास्त भेटतात.

सावध: शेव्हिंग, वॅक्सिंग किंवा हेअर रिमूव्हर लावल्यावर निदान दोन दिवस हे लोशन लावायचं नाही. चिरलेल्या, सोललेल्या, खाजून लाल झालेल्या जागी तर नाहीच. कपाळाला लावायचं तर डॉक्टरला विचारून, कारण रात्री ते डोळ्यात उतरू शकतं. आग झाली तर दोन-तीन दिवस बंद, डॉक्टर हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य स्टेरॉइडचं क्रीम सकाळी थोडे दिवस लावायला सांगतात. इथे मेडिकलवाल्याने दिलेली ती तीन-चार औषधं एकत्र असलेली खाजेची ट्यूब अजिबात नको. तिच्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं, आणि काखेत-जांघेत गजकर्ण असेल तर ते वरून शांत दिसतं आणि आतून पसरत जातं. ही ट्यूब आपल्याकडे घरोघरी आहे, आणि स्किनचे डॉक्टर तिच्या नावाने कपाळावर हात मारतात.

ॲल्युमिनियमने कॅन्सर होतो अशी भीती व्हॉट्सॲपवर फिरत असते. तसा संबंध सिद्ध झालेला नाही. फक्त किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरला सांगा.

टप्पा ४: हातापायासाठी पाण्यातला करंट

लोशन नीट, वरच्या क्रमाने, महिनाभर लावून आकडा ३ च्या खाली आला नाही, तर तळहात आणि तळपायांसाठी पुढची पायरी आयन्टोफोरेसिस. दोन ट्रे, त्यात नळाचं पाणी, पाण्यातून सौम्य डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट, त्यात हात नाहीतर पाय ठेवून वीस मिनिटं बसायचं. घाम का थांबतो याबद्दल एकमत नाही, पण थांबतो, आणि हातापायाला तर छानच थांबतो. काखेसाठी वेगळे पॅड मिळतात पण ते नीट बसवणं जिकिरीचं असतं.

पहिल्या काही बैठका क्लिनिकमध्येच करा. फरक पडतोय हे दिसलं की मग घरचं मशीन घ्यायचा विचार, आधी नाही.

कुणी करायचं नाही: गरोदर बाई, पेसमेकर बसवलेला माणूस, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा फिट येण्याचा त्रास असलेला, आणि ज्याच्या हातापायात, म्हणजे करंटच्या वाटेवर, प्लेट-रॉड आहे तो.

आणि हात जोडून सांगतो, इंटरनेटवर बघून मोबाइलचा चार्जर, बॅटरी, ॲल्युमिनियमची ताटं असं जुळवून घरी बनवू नका. थेट मेन्सच्या, म्हणजे भिंतीवरच्या प्लगमधल्या विजेच्या, भानगडीत तर मुळीच पडू नका.

आधीची तयारी:

१. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी सगळं काढा. अंगठी निघत नसेल तर त्या दिवशी बैठक नाही. धातूखाली करंट एका जागी गोळा होतो आणि भाजतं.

२. बोटांच्या कडा, नखांच्या बाजू, भेगा नीट बघा. जिथे कातडी उचकटली आहे, कापलंय, तिथे व्हॅसलीनचा जाडसर ठिपका. डोळ्यांना न दिसणारी चीर करंट चालू झाल्यावर सुई टोचल्यासारखी बरोबर सापडते, मग मशीन शून्यावर आणून, हात काढून, तिथे व्हॅसलीन लावून परत सुरू करायचं.

३. मनगटाजवळ पाण्याची कड जिथे लागते तिथे गोल व्हॅसलीन फिरवा. सगळ्यात जास्त चुरचुरतं ते तिथेच.

४. पाणी नळाचं. आरओचं नाही! आपल्याकडे घरोघरी आरओ आहे आणि लोक "स्वच्छ पाणी" म्हणून कौतुकाने तेच ओततात, पण त्यातले क्षार काढून टाकलेले असतात, करंट वाहायला काही उरतच नाही, मग डायल कितीही फिरवा, मशीनवरचा करंटचा आकडा वर जात नाही. नळाचं पाणी फार मऊ (कमी क्षारांचं) असेल आणि करंटचा आकडा चढत नसेल तर चिमूटभर खायचा सोडा. उलट बोअरचं पाणी जड असतं, करंट पटकन चढतो, तेव्हा सुरुवात अगदी खालून करा. पाणी कोमट घ्या आणि तळवे जेमतेम बुडतील एवढंच.

बैठकीचा क्रम:

१. मशीन बंद, डायल शून्यावर. मग हात ट्रेमध्ये. धातूच्या प्लेटवर जाळी किंवा ओला टॉवेल असलाच पाहिजे, कातडी सरळ धातूला लागता कामा नये.

२. कुणाला तरी डायल हळूहळू वाढवायला सांगा. मुंग्या येतात, झिणझिण्या येतात, इथवर ठीक. दुखायला लागलं की एक पाऊल मागे. तळहाताला साधारण १५ ते २० मिलिअँपिअरपर्यंत जातात, तळपायाला थोडं जास्तही चालतं, मुलांना कमी. पहिल्याच दिवशी २० गाठायची घाई नको.

३. दहा मिनिटं झाली की डायल शून्यावर, दिशा बदलायचं बटण, परत वाढवा, अजून दहा मिनिटं. हे बटण विसरलं की एकच हात कोरडा होतो, मग लोक म्हणतात मशीन खराब आहे.

४. संपल्यावर आधी शून्य, मग हात बाहेर. मध्येच फोन वाजला म्हणून हात उचलला तर झटका बसतो. जीव जात नाही त्याने, पण दुसऱ्या दिवशी माणूस मशीनजवळ जात नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आठवड्यातून तीन ते चार वेळा, दोन ते चार आठवडे. पहिले पाचसहा दिवस काहीच फरक दिसत नाही, कधी तर घाम वाढल्यासारखाही वाटतो, आणि नेमके तिथेच लोक सोडतात. कोरडं व्हायला लागलं की आठवड्याला एक, मग तुमच्या हाताला किती दिवस पुरतं ते बघून दोन-तीन आठवड्यांना एक. पूर्ण बंद केलं की घाम परत येतो, ही सांभाळायची गोष्ट आहे, एकदा करून सुटायची नाही.

तपासणी: हात इतके कोरडे पडले की भेगा दिसायला लागल्या, तर बैठकांमधलं अंतर वाढवा आणि रात्री मॉइश्चरायझर. फोड आले तर थांबा आणि दाखवा.

पायाची एक भानगड मध्येच सांगून टाकतो. तळवे सतत भिजून पांढरे, फुगल्यासारखे झालेत, त्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत आणि वास असा की बूट दाराबाहेर ठेवावे लागतात, तर तो बॅक्टेरियाचा संसर्ग असतो. लोक फंगसचं क्रीम लावत बसतात. डॉक्टर अँटिबायोटिक लोशन देतात, ते आधी, करंट नंतर. बूट दोन जोड ठेवा, आज घातलेला उद्या नाही.

टप्पा ५: काखेसाठी बोटॉक्स

बोटॉक्स म्हणजे घाम सोडायचा सिग्नल तिथल्या तिथे अडवणारं इंजेक्शन. काखेला लोशनने भागलं नाही तर हा पुढचा पर्याय, आणि गुण चांगला येतो. अमेरिकेत काखेच्या घामासाठी याला २००४ मध्येच मान्यता मिळाली आहे. एका काखेला साधारण ५० युनिट, एक-दोन सेंटिमीटर अंतरावर बारीक बारीक टोचे. आठवड्याभरात घाम कमी व्हायला लागतो, पुढे चार महिन्यांपासून वर्षापर्यंत टिकतो, बहुतेकांचा सहा-सात महिन्यांच्या आसपास. मग परत.

जायच्या आधी: दोन दिवस आधी काख साफ करून ठेवा, आदल्या दिवसापासून डिओ, लोशन बंद, त्या दिवशी निघताना गरम चहा आणि धावपळ टाळा, कारण डॉक्टर आधी आयोडीन-स्टार्चची टेस्ट (टप्पा २ मधली बीटाडीन-कॉर्नफ्लोअरवाली) करून जागा आखतात आणि घाम त्याच्या नेहमीच्या जागी दिसायला हवा. आखणी न करता अंदाजाने टोचत असतील तर विचारा, लाजू नका. किती युनिट देणार आणि कुपी कुठल्या कंपनीची हेही विचारा, कारण वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं एकमेकांशी जुळत नाहीत. स्वस्तात "अर्धा डोस" घेतला तर टिकतोही तसाच.

तळहातालाही देतात पण दोन अडचणी: जबरी दुखतं, म्हणून नस बधिर करून द्यावं लागतं, आणि चिमटीची ताकद काही आठवडे कमी होऊ शकते. तबला, शिवणकाम, सोनारकाम असं बोटांचं काम करणाऱ्यांनी हे आधी मोकळेपणाने बोलून घ्यावं. गरोदरपणात आणि स्नायू कमजोर होण्याच्या आजारात देत नाहीत.

काखेतल्या ग्रंथी मायक्रोवेव्हने कायमच्या जाळणारं मशीनही आहे, मोठ्या शहरांत काही ठिकाणी मिळतं, महाग आहे, फक्त काखेसाठी.

टप्पा ६: गोळ्या

हात, पाय, तोंड, पाठ असं चौफेर असेल, किंवा वरचं काही झेपत नसेल तर गोळ्या. ग्लायकोपायरोलेट साधारण १ ते २ मिलिग्रॅम दिवसातून एक-दोनदा, नाहीतर ऑक्सिब्युटिनिन २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वर. या गोळ्या घाम सोडायचा सिग्नलच अडवतात, पण तोच सिग्नल लाळ, लघवी, आतडी, डोळे सगळीकडे चालतो, म्हणून तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, लघवी अडखळते, जवळचं अंधुक दिसतं.

ग्लायकोपायरोलेट रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी. पोटभर जेवून घेतली की बरीचशी वाया जाते, आणि "गोळी लागू पडत नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा, गाडी चालवायच्या आधी डोळ्यांना काय होतंय ते कळू दे.

सावध: काचबिंदूचा एक प्रकार, प्रोस्टेट वाढून लघवी अडणं, मायस्थेनिया (स्नायू कमजोर होण्याचा आजार), आतड्यांची हालचाल मंदावण्याचा आजार असेल तर या गोळ्या चालत नाहीत. वयस्कर माणसांना ऑक्सिब्युटिनिनने गोंधळल्यासारखं होऊ शकतं.

आणि उन्हाळा. घाम हा शरीर थंड ठेवायचा एकमेव मोठा मार्ग आहे, तो गोळीने बंद करून नागपूर-चंद्रपूरच्या मेमध्ये दुपारी शेतात, साइटवर किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर फिरलात तर उष्माघाताचा धोका खराखुरा आहे. उन्हात काम असेल तर डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा, त्या महिन्यांत डोस कमी करतात किंवा थांबवतात. गोळी घेतलेली असताना अंग तापलंय पण घाम नाही आणि डोकं गरगरतंय, तर लगेच सावली, अंगावर पाणी, दवाखाना.

फक्त स्टेजवर, इंटरव्ह्यूत, पाहुण्यांसमोर फुटणाऱ्या घामासाठी कधीकधी प्रोप्रॅनोलॉल तेवढ्यापुरतं देतात. दम्याच्या पेशंटला चालत नाही, त्यामुळे मित्राच्या पट्टीतून एक गोळी उसनी घेणं हा प्रकार बंद करा. आणि खऱ्या परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका, आधी एकदा घरी घेऊन बघा.

टप्पा ७: ऑपरेशन, सगळ्यात शेवटी

छातीतून दुर्बीण घालून घामाची नस कापतात किंवा तिला क्लिप लावतात. तळहात बहुतेकांचे त्याच दिवशी कोरडे होतात, आणि म्हणूनच लोक भुलतात. बदल्यात पाठ, पोट, मांड्यांना घाम वाढतो, हाच बदली घाम. थोडाफार तर पुष्कळांना होतो, काहींना इतका की दिवसातून तीन शर्ट लागतात आणि हाताचा घाम बरा होता असं वाटतं. हे उलटवता येईलच असं नाही. क्लिप काढली की सगळं पूर्ववत होतं असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठा. तळपायाच्या घामासाठी हे ऑपरेशन नाहीच, आणि नुसत्या काखेसाठी करण्यात शहाणपण नाही.

सर्जनला हे विचारून, उत्तरं लिहून घ्या: कितव्या बरगडीच्या पातळीवर कापणार (वरून दुसऱ्या बरगडीच्या पातळीवर कापलं तर बदली घामाचा त्रास जास्त होतो असं मानतात), तुमच्या पेशंटपैकी किती जणांना बदली घामाचा त्रास झाला, पापणी झुकण्याचा आणि छातीत हवा शिरण्याचा धोका किती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला दहावी-बारावीच्या सुट्टीत "एकदाचं करून टाकू" म्हणून घेऊन येणारे आईबाप असतात, त्यांनी आधी टप्पा ३ आणि ४ चे मिळून तीन महिने द्यावेत.

डोस आणि बैठका कमी कधी करायच्या

लोशन, करंट, गोळी, जे काही लागू पडलंय ते कमी करून बघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत बघा, परीक्षा, लग्न, नवी नोकरी यांच्या तोंडावर नाही. एका वेळी एकच गोष्ट कमी करा, दोन्ही एकदम कमी केल्या आणि घाम परत आला तर कशामुळे आला ते कळत नाही. दर महिन्याला तोच १ ते ४ चा आकडा त्याच नोंदीत टाका, आणि आकडा सलग दोन महिने ३ वर राहिला की त्या नोंदीसकट परत केस पेपर काढा.